पासोकची तीस लाख मतं

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

ग्रीसचा पासोक हा समाजवादी पक्ष एवढा कोसळला कसा, हे तू विचारलंस. फोनवर अर्धवटच राहिलं असतं, म्हणून लिहायला बसलो.

लष्करी राजवट जाऊन दीड महिनाही झाला नव्हता, तेव्हा ३ सप्टेंबर १९७४ला आंद्रेआस पापांद्रेऊंनी हा पक्ष काढला. पहिल्या निवडणुकीत साडेतेरा टक्के मतं, १९७७ला पंचवीस आणि १९८१ला थेट अठ्ठेचाळीस, म्हणजे सत्ताच! घोषणा एका शब्दाची: ‘अलायी’, म्हणजे बदल.

आणि बदल घराघरांत पोचला, सुहास. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या यादवी युद्धात हरलेल्या डाव्यांना तीसेक वर्षं संशयितासारखं जगावं लागलं होतं. नाझींविरुद्धच्या त्यांच्या लढ्याला १९८२मध्ये सरकारी मान्यता मिळाली, परागंदा झालेले परतू लागले. किमान वेतन वाढलं, पेन्शन वाढली. १९८३मध्ये कायद्यातून हुंडा गेला, राष्ट्रीय आरोग्यसेवा आली. गावात कॉफीची दुकानंसुद्धा वाटली गेली: हिरवं पासोकवाल्यांचं, निळं न्यू डेमोक्रसीवाल्यांचं, म्हणजे उजव्या विरोधी पक्षाचं. अर्थात पक्षाच्या वशिल्याने नोकऱ्याही वाटल्या गेल्या आणि कर्ज वाढत गेलं, तेही मी झाकणार नाही.

१९८९ला घोटाळ्यांनी सत्ता गेली, १९९३ला परत आली. पुढे पासोकचेच पंतप्रधान सिमितिस यांच्या काळात देश युरोत गेला.

मग २००९. आंद्रेआस यांचे चिरंजीव जॉर्ज ‘पैसे आहेत’ म्हणत ४४ टक्क्यांनी जिंकले. सहा-सात महिन्यांत, एप्रिल २०१०मध्ये, कास्तेलोरिझो बेटावरून त्यांनीच देशाला सांगितलं की परदेशी मदत मागावी लागतेय. ११० अब्ज युरोंचं कर्ज आलं आणि त्यासोबत पगारकपात, पेन्शनकपात. २०१२च्या मे महिन्यात मतं १३ टक्क्यांवर आली. त्यानंतर पासोक न्यू डेमोक्रसीच्याच सरकारात सामील झाला. हिरव्या दुकानात हयात घालवलेल्या म्हाताऱ्याला काय वाटलं असेल! नुसत्या काटकसरीने पक्ष इतका खचला नसता, असं मला वाटतं. ज्या हातांनी पेन्शन वाढवली त्याच हातांनी ती कापली, हे लोकांच्या जिव्हारी लागलं. २००९ची तीस लाख मतं जानेवारी २०१५मध्ये तीन लाखांच्याही आत आली. ४.७ टक्के.

२०२३ला ते पुन्हा बारा टक्क्यांच्या आसपास पोचलेत. २०२४च्या नोव्हेंबरात प्रमुख विरोधी पक्षही झाले, पण सिरिझा या डाव्या पक्षाचे खासदार फुटले म्हणून. ती तीस लाख माणसं अजून परतलेली नाहीत.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. पत्राची वाट पाहतो.

तुझा,
अविनाश