नंदे, तुझं ते भांडण खरं होतं

प्रिय नंदे,

दिवाळीत फोनवर 'सविस्तर लिहिते' म्हणाले आणि गप्प बसले. हवी तेवढी बोलणी दे, पण आधी हे वाच. आईचा गुडघा तसाच, माझी ॲसिडिटी तशीच. प्रकृतीचं एवढंच.

पाच महिने झाले, दर बुधवारी दुपारी मी जनता वसाहतीत जाते, अडीच ते चार. सकाळची घरं उरकून बायका दोनला परततात आणि साडेचारला पुन्हा भांड्यांना निघतात. मधल्या वेळात जेवण, पाणी, पोरांचं बघणं. त्यातून उरलेला वेळ त्या मला देतात. बालवाडीची खोली, भिंतीवर अ-अननसाचा तक्ता. सुरुवातीला नुसते नाटकाचे खेळ घेतले. तो तळहाताचा आठवतो? हात समोरचीच्या तोंडापुढे वीतभर अंतरावर धरायचा आणि तो नेईल तिकडे तिनं जायचं. शिबिरात तू पम्याला त्यात टेबलाखालून नेलं होतंस, आणि तो डोकं आपटून वर आला तरी हाताकडेच बघत होता! इथे एक मावशी म्हणाल्या, "हे तर मी रोजच करते की." खोलीभर हसू. मला त्या दिवशी वाटलं, जमतंय.

मग प्रसंग बांधला, त्यांनीच सांगितलेला. बाई चार दिवस तापानं झोपून, परत आल्यावर मॅडम चार खाड्यांचे पैसे कापतात. एकदा पूर्ण करून दाखवायचा आणि मग पुन्हा सुरू करायचा. बघणाऱ्यांपैकी कोणीही 'थांबा' म्हणायचं, बाईच्या जागी उभं राहायचं आणि वेगळं काही करून बघायचं. ब्राझीलचा नाटककार ऑगस्टो बोआल, त्याचं हे फोरम थिएटर. मी जोकर, म्हणजे खेळ चालवणारी, पत्त्यातल्यासारखी, कुठल्याच रंगाची नाही. (सूत्रधारच म्हण की, असं तू म्हणशील. पण सूत्रधाराला शेवट माहीत असतो, नंदे.)

एक ताई तीन आठवडे भिंतीला टेकून बसायची. नाव लिहीत नाही. त्या बुधवारी ती 'थांबा' म्हणाली. मी अगदी जवळ होते. बोटांच्या बेचक्यात पाण्यानं पांढरी पडलेली कातडी, आणि त्याच बोटांनी तिनं पदर असा खोचला की पुन्हा सुटणार नाही. म्हणाली, "महिन्याला दोन सुट्ट्या, पगारी. नाहीतर दुसरी बाई बघा." आमच्या प्रशिक्षणातली एक मुलगी मॅडम झाली होती. तिला भरून आलं, ती "बरं ताई" म्हणून गेली. टाळ्याच टाळ्या. माझेही डोळे भरले, आणि मी सत्र तिथेच संपवलं.

सोमवारी ताईनं तेच वाक्य खऱ्या घरात म्हटलं. नऊ वर्षांचं काम संध्याकाळपर्यंत सुटलं. त्याच इमारतीतलं दुसरं घरही गेलं. महिन्याचे साडेपाच हजार.

मी भेटायला गेले तर तिनं चहा टाकला. रागावली नाही. एवढंच म्हणाली, "मला वाटलं, तिथेपण त्या बरं म्हणतील."

हे वाक्य मला झोपू देत नाही. बघणाऱ्यांनी 'ही जादू आहे' म्हणून थांबवायचं, हा नियम त्या खेळातच आहे. असं खरंच होईल का, हे विचारणं जोकरचं काम. समोरच्या मॅडमनं खऱ्या मॅडमइतकंच घट्ट राहायला हवं. मला हे पाठ होतं, आणि ऐन वेळी मी टाळ्या वाजवत होते.

तुला ते हुंड्याचं पथनाट्य आठवत असणार. तू म्हणाली होतीस, "आपण घोषणा देऊन स्कूटरवर घरी जातो, ती बाई कुठे जाते?" मी दोन महिने तुझ्याशी बोलले नाही. पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिकेत तू माझी आई झालेलीस, आणि मी 'आई गं' तुझ्या कानाकडे बघून म्हणायचे. तेव्हा वाटलं होतं, तू घाबरट आहेस. आता कळतंय, तू त्या बाईच्या जागी उभी राहून बोलत होतीस.

बोआलचंही हेच झालं होतं. साठच्या दशकात ईशान्य ब्राझीलमध्ये त्याच्या मंडळींनी खोट्या बंदुका उंचावून जमिनीसाठी रक्त सांडायचं नाटक केलं. विर्जिलिओ नावाचा शेतकरी म्हणाला, चला तर मग, आत्ताच जमीनदाराच्या माणसांना हुसकावू. नट म्हणाले, आमच्या बंदुका खोट्या आहेत. तो म्हणाला, खऱ्या आमच्याकडे आहेत, तुम्ही या. हे गेले नाहीत. मग बोआलला उमगलं की सांडायचं होतं ते फक्त शेतकऱ्यांचं रक्त. प्रशिक्षणात ही गोष्ट मी वहीत लाल पेनानं लिहून घेतली होती.

परवा गटातल्या आजी म्हणाल्या, १९८० साली पुण्यात मोलकरणींचा संप झाला तेव्हा त्या आईचं बोट धरून गेल्या होत्या. त्यातूनच मोलकरीण संघटना उभी राहिली. "आम्ही एकटीनं विचारलं नव्हतं," म्हणाल्या. आणि मी मात्र सगळ्या खोलीचं धैर्य एकटीच्या पदरात बांधून तिला बाहेर पाठवलं. बंगालमध्ये असंच फोरम थिएटर करणारी 'जन संस्कृती' संस्थेची माणसं तेच नाटक घेऊन त्याच गावात पुन्हा पुन्हा का जातात, ते आत्ता उमजतंय.

ताईसाठी एक घर मिळालंय, पोळ्यांचं. दुसरं शोधतेय. कोथरूडमधल्या आपल्या सगळ्यांना विचारलं, तूही तुझ्या वहिनीला विचार.

आता खरी अडचण. येत्या बुधवारी प्रसंग पुन्हा करायचा, पण काम सुटल्या क्षणापासून पुढे. ताई म्हणते, "मी होते मॅडम. मला माहितीये त्या कशा बोलतात." होऊ देऊ का? तिला ते पुन्हा सगळं ऐकावं लागेल, तेही स्वतःच्याच तोंडून. पण नाही म्हणणारी मी कोण? तू माझ्या जागी असतीस तर काय केलं असतंस, ते लिही. गोड बोलू नकोस.

तुझ्या सासूबाईंचा मोतीबिंदू झाला का? चिनूची दहावी यंदाच ना? नागपूरची बदली रद्द झाली असं आक्की म्हणाली, खरं असेल तर फार बरं झालं.

तुझं उत्तर पत्रानं मंगळवारच्या आत पोचणार नाही, तेव्हा फोनच कर. चारनंतर, बसमध्ये असेन.

तुझी,
सुमी