देवमाशाचा अंगठा

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

काल फोनवर मुलांना म्युझियमला नेल्याचं सांगितलं आणि आई, तू एकदम गप्प झालीस. ते तुझं गप्प होणं मला लहानपणापासून कळतं. म्हणून सगळं नीट लिहून पाठवते.

मूळ भुणभुण थोरल्याची. कोरोनामुळे सगळं बंद असताना, मे २०२० मध्ये, अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीच्या प्राणिसंग्रहालयातल्या तीन पेंग्विनना तिथल्या नेल्सन-अॅटकिन्स म्युझियममध्ये फिरवून आणलं होतं. तो व्हिडिओ याने इतक्यांदा पाहिलाय की विचारू नका. "पेंग्विन जाऊ शकतात, मग मी का नाही?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आणि धाकटीचं तर निम्मं आयुष्य घरातच गेलंय.

वेळ ठरवून तिकीट काढावं लागतं, म्हणून सकाळची पहिलीच वेळ घेतली. आत मोजकी माणसं. थोरल्याने मास्क लावला होता, धाकटीने नाही. बाबा, रागावण्याआधी ऐका: पाच वर्षांच्या आतल्या मुलांना मास्कची सक्ती करू नये, असं जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफनेच ऑगस्ट २०२० मध्ये सांगितलंय. शिवाय तिने तो लावून दर मिनिटाला ओढलाच असता. त्यापेक्षा आम्ही उंच छताचं मोठं दालन धरलं आणि माहितीपट दाखवतात त्या कोंदट खोलीकडे फिरकलोही नाही. हात धुता येतात, हवा कशी धुणार?

रडारड झाली ती मुलांच्या दालनात. बटणं, चाकं, कळा, सगळ्यांवर पिवळ्या पट्ट्या. धाकटी एका बटणासमोर उभी राहून बोट हवेतच दाबत राहिली. मला तिची दया आली आणि खरं सांगायचं तर रागही आला. मुलांसाठी मांडायचं आणि हात लावू नका म्हणायचं! पण इलाज नव्हता. मग जमिनीवरच्या बाणांनी वाचवलं. एका बाणावरून दुसऱ्यावर उड्या मारत ती थेट निळ्या देवमाशाच्या सांगाड्याखाली पोचली.

तिथे दोघंही थबकली. हा देवमासा तीस मीटरपर्यंत वाढतो, हे थोरल्याला पाठ होतं. पण दीड वर्ष त्याने तो तळहाताएवढ्या पडद्यावर पाहिलेला. मान पूर्ण मागे टाकून तो म्हणाला, "आई, हा संपतच नाहीये."

धाकटीचं लक्ष मात्र पोहायच्या पराकडे. म्हणजे बाहेरून पर. आत हाडांची बोटं असतात, आपल्यासारखीच, फक्त खूप लांब. तिने स्वतःचा हात वर धरून एकेक बोट जुळवायला घेतलं. चारच भरली. पुन्हा मोजली, पुन्हा चार. मागे रांग नव्हती, "पुढे चला" म्हणणारं कुणी नव्हतं; अर्धा तास आम्ही तिथेच होतो. बाबा, तुम्ही आम्हाला एका दिवसात सगळी दालनं दाखवायचात, पाय दुखेपर्यंत. मला त्यातले फक्त दुखणारे पाय आठवतात. यावेळी आम्ही एकच दालन पाहिलं आणि घरी आलो.

तुमचे दोन्ही डोस झाले असले तरी तुमच्याकडे यायच्या आधीचे दोन आठवडे आम्ही कुठेही जाणार नाही, काळजी नसावी.

आणि हो, रविवारी फोन येईल तेव्हा बाबांनी तयारीत राहावं. देवमाशाचा अंगठा कुठे गेला, असं धाकटी मला सारखी विचारतेय. मी हात टेकले, तर म्हणाली, "जाऊ दे, आजोबांना माहीत असेल."

तुमची लेक