खिशाखालचा रंग दाखवणाऱ्या काकूंना

काकू,

सादर नमस्कार.

समोर बसून हे सांगायला गेलो असतो तर तुम्ही "बरं बरं, ती कात्री दे इकडे" म्हणून विषय बदलला असता. म्हणून हे उघड पत्र. आता मध्ये बोलायची सोय नाही तुम्हाला.

पँट आखूड करून घ्यायला तुमच्याकडे आलो, तेव्हा पिशवीत पँटखाली एक बाहुली लपवून आणली होती. लेकीसाठी शिवलेली. शिवलेली कसली, फोनवर दिसलेल्या बाहुलीची नक्कल केलेली: तसेच टपोरे डोळे, तसे पिवळे केस, मुद्दाम विकत आणलेलं गुलाबी कापड. मान मात्र एका खांद्यावर कोसळलेली. लेकीने तिला दोन दिवस मिरवलं आणि तिसऱ्या दिवशी पलंगाखाली ढकललं. मानेचं काय करू, एवढंच विचारायचं होतं. पुरुष माणूस बाहुल्या शिवतो म्हणून तुम्ही हसाल, अशीही धाकधूक होती. तुम्ही हसला नाहीत. बाहुलीची मान चिमटीत धरून म्हणालात, "इथे कापूस पोकळ राहिलाय. मान दगडासारखी ठासायची, नाहीतर डोकं पडणारच." मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत, "पण ही आहे कोण?"

मला उत्तर सुचलं नाही. ती कोणीच नव्हती.

तुम्ही चिंध्यांची पोतडी ओतलीत. त्यातला एक निळा शर्ट अजून डोळ्यांसमोर आहे. कॉलर झिजलेली, कोपर विरलेले, पण पाठ धडधाकट. "माणूस पुढून झिजतो," म्हणालात, आणि छातीवरचा खिसा टाका-टाका उसवलात. खाली गडद निळा चौकोन! सगळा शर्ट धुऊन-धुऊन आभाळी झालेला आणि खिशाआड तेवढा नव्यासारखा राहिलेला. त्या कापडाचा मी बाहुलीला डगला शिवला, तो चौकोन बरोबर तिच्या छातीवर येईल असा. लेकीने पहिलाच प्रश्न विचारला, "हिच्या खिशात काय होतं?" गुलाबी बाहुलीबद्दल तिने कधी काही विचारलं नव्हतं.

तेव्हापासून माझी नजर बिघडली आहे, आणि त्याला जबाबदार तुम्ही. रांगेत उभा असलो की लोकांचे खांदे बघतो. जड पिशवी धरलेली बाई पिशवीच्या उलट्या बाजूला कलते, हे इतकी वर्षं डोळ्यांपुढे होतं आणि दिसत नव्हतं. तिची बाहुली करायला घेतली तर दोन्ही खांदे सारखेच यायचे. का, ते तुम्ही एका वाक्यात सांगितलंत: मी कापड दुमडून बेतत होतो. दुमडून कापलं की डावं-उजवं तंतोतंत जुळतं, आणि जिवंत माणूस तसा जुळत नाही. एकेरी कापडावर अख्खा साचा काढला, एक खांदा बोटभर खाली घेतला, आणि ती बाई आली. थकलेली, पण कुणाशी तरी बोलत असल्यासारखी.

चेहऱ्याचंही तसंच. मी ताठ सुती कापडाचे चेहरे करायचो. गाल भरले की शिवणीशी चुण्या पडायच्या. तुम्ही जुनं बनियन हातात देऊन म्हणालात, "आडवं ओढ, मग उभं ओढ." विणीचं कापड आडवं जास्त ताणतं. तो ताण अंगाभोवती येऊ दिला तर बाहुली गुबगुबीत होते, उंचीत घेतला तर लांबुडकी. एकाच साच्यातून दोन वेगळी माणसं! हे कुठे वाचून कळलं असतं का? असेलही, पण बनियन ओढल्याशिवाय पटलं नसतं. डोळेही आता आधी टाचण्या खोचून बघतो. चेहऱ्याच्या निम्म्यावर ठेवले की मोठं माणूस, थोडे खाली सरकवले की मूल.

बटणांच्या डोळ्यांवरून तुम्ही रागावलात, तेही बरंच झालं. शेजारच्या तान्हीने बटण चोखून सैल केलं होतं आणि माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. 3 वर्षांखालच्या मुलांसाठी आता डोळे दोऱ्यानेच भरतो. बटण नाही, मणी नाही.

तुम्हाला एकदा कॅथे क्रूझे या जर्मन बाईची गोष्ट सांगितली होती. 1905 मध्ये तिच्या मुलीला बाहुली हवी होती आणि मुलीचा शिल्पकार बाप दुकानातली आणायला तयार नव्हता. तिने टॉवेलात वाळू भरली, डोक्याच्या जागी बटाटा बांधला आणि बाहुली केली. पुढे तिच्या बाहुल्यांचा मोठा कारखाना झाला. कारखान्याचं तुम्हाला काही नव्हतं. तुम्ही विचारलंत, "बटाटा सुकल्यावर तोंड सुरकुतलं असेल ना गं बाई तिचं?" वाळू मात्र लक्षात ठेवलीत. पुढच्याच आठवड्यात दुहेरी शिवलेली वाळूची पुरचुंडी तुम्ही माझ्या बाहुलीच्या बुडाशी बसवलीत, आणि झोपलेलं मूल उचलताना जसं जड लागतं तशी ती हातात जड लागली. लेक तिला आता मांडीवरच घेते. पाय धरून फरफटवत नाही.

ब्रिटिश म्युझियममध्ये इजिप्तमधून आलेली, रोमन काळातली एक कापडी बाहुली आहे. बाहेरून लिनन, आत चिंध्या आणि पपायरसचे, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेल्या जुन्या कागदाचे, तुकडे. तिचा फोटो बघताना मला तुमची पोतडीच आठवली. घरात जे उरलं होतं तेच आत गेलं असणार.

एका बाबतीत तुमचं ऐकलेलं नाही, ते कबूल करतो. कापूस भरायचं तोंड बंद करताना टाका दिसता कामा नये, असं तुमचं म्हणणं. माझे टाके दिसतात, आणि हल्ली मी ते मुद्दाम लाल दोऱ्याने घालतो. लेकीच्या गुडघ्यावर खरचटल्याची खूण आहे, तर तिच्या बाहुलीच्या पोटावर शिवण का नको? तुम्ही नाक मुरडणार. मुरडा. वळणावरच्या शिवणीला सुलट करण्याआधी कात्रे, म्हणजे कडेला बारीक काप, मात्र न चुकता देतो, ते तुमच्या धाकाने.

तुमचे आभार नेमके कशाचे मानायचे, यावर बराच अडलो. कापडाचे, वेळेचे, चहाचे मानता येतात. पण मला सारखी आठवते ती तुमची खिसा उसवतानाची बोटं. घाई नव्हती त्यांना. आत काय निघतंय, याची तुम्हालाही उत्सुकता होती.

रविवारी येतो. त्या जुन्या पडद्याचं अस्तर अजून टाकलं नसेल, तर राहू द्या. एका कुबड्या आजोबांना कोट शिवायचाय, आणि ऊन लागलेली बाजू मला पाठीवर हवी आहे.

तुमचा,
खालच्या मजल्यावरचा, पँट अजून न नेलेला