दाखल्याआधी वही उघडा

प्रति,
मा. शालेय शिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य

महोदय,

वर्गात बाक उलटवणाऱ्या, शेजारच्याला कर्कटक टोचणाऱ्या मुलाचं पुढे काय होतं? पालकांना चिठ्ठी, वर्गाबाहेर उभं करणं, शेवटी दाखला. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १६ मुळे आठवीपर्यंत काढता येत नाही, म्हणून नववीची वाट पाहिली जाते.

खरी गफलत वर्गाबाहेर उभं करण्यात आहे. प्रकटवाचनाची पाळी आली की मारामारी करणाऱ्या मुलाला अनेकदा अक्षरंच लागत नसतात. बाहेर काढलं की वाचन टळतं. शिक्षेतून त्याला हवं तेच मिळतं आणि पुढच्या वेळी हात आणखी लवकर उठतो. किशोरवयातलं नैराश्य रडण्याऐवजी चिडचिडीतून दिसू शकतं, हेही शिक्षकांना क्वचितच सांगितलं जातं.

आमची मागणी साध्या वहीची आहे. दोन आठवडे, प्रत्येक घटनेच्या चार ओळी: तास कुठला, आधी काय घडलं, मुलानं काय केलं, त्यानंतर त्याला काय मिळालं. ‘उद्धट’, ‘वाया गेलेला’ हे शेरे नकोत. भांडणं वाचन-लेखनाच्या तासालाच होत असतील तर अध्ययन अक्षमता, म्हणजे बुद्धी असूनही वाचन-लेखन-गणितात येणारी अडचण, तपासावी. सुट्टीनंतरच्या सकाळी होत असतील तर घरची विचारपूस करावी, तीही मुलाला घरी मार बसणार नाही अशा बेतानं. शाळेत आणि घरीही, बारा वर्षांच्या आधीपासून सहा महिन्यांहून अधिक तेच चाललं असेल तर अतिचंचलतेची (एडीएचडी) शंका घ्यावी. निदान मात्र डॉक्टरांनीच करावं. कान-डोळे त्याआधी तपासावेत.

मुलांची आरोग्य तपासणी करणाऱ्या सरकारी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या ३० आजारांच्या यादीत अध्ययन अक्षमता आणि अतिचंचलता आहेतच. पण तपासणीच्या रांगेत हे मूल शहाण्यासारखं उभं राहतं! तपासणी पथकाच्या हाती वही दिली तरच जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे, म्हणजे पुढच्या तपासणी-उपचारांच्या जिल्हा केंद्राकडे, योग्य मूल पोहोचेल.

१०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांत प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा, असं सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२५ मध्ये सांगितलं. लहान शाळांना बाहेरच्या तज्ज्ञांशी जोडायचं आहे. समुपदेशनाचं काम पेपर तपासणाऱ्या सरांच्याच गळ्यात मारू नये. गुण देणाऱ्यापुढे मूल मन मोकळं करत नाही. तोवर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक फलकावर तरी लावावा.

वहीचा नमुना शासन निर्णयातून जूनपूर्वी शाळांना द्यावा. वही आणि समुपदेशकाचा अभिप्राय जोडल्याशिवाय नववी-दहावीतल्या कुठल्याही मुलाला वर्तनाच्या कारणावरून दाखला देऊ नये.

आपले,
शालेय समुपदेशक व शिक्षक