छातीचे माप आणि दुष्काळाचे साल

मा. संपादक,
स. न.

आपल्या रविवार पुरवणीत पहिल्या महायुद्धातील सैन्यभरतीवर आलेला लेख अभ्यासपूर्ण होता. मात्र दख्खनचा जवान अंगाने किरकोळ असल्यामुळे इंग्रज सरकार पंजाबकडे वळले, हे त्यातील विधान फारच सहज स्वीकारले गेले आहे, म्हणून हे पत्र.

१८८५ ते १८९३ या काळात हिंदुस्थानचे सरसेनापती असलेल्या लॉर्ड रॉबर्ट्स यांनी उत्तरेकडच्या ‘लढाऊ जमातीं’चे पारडे जड केले आणि मुंबई व मद्रास इलाख्यांतील शिपायाला दुय्यम ठरवले. याच सुमारास महारांची भरती बंद झाली. ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ मध्ये आणि शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये, या दोन महार समाजनेत्यांनी केलेल्या अर्जांचा उपयोग झाला नाही. पण १९१७ मध्ये माणसांची चणचण भासताच १११ वी महार पलटण उभारली गेली आणि युद्ध संपल्यावर थोड्याच काळात मोडलीही गेली. एवढ्या अवधीत कोणत्याही समाजाची शरीरयष्टी बदलत नाही.

खुद्द विलायतेत हे माप किती लवचिक होते पाहा. ऑगस्ट १९१४ मध्ये किमान उंची ५ फूट ३ इंच होती. स्वयंसेवकांची रीघ आवरेना म्हणून सप्टेंबरमध्ये ती ५ फूट ६ इंच केली, आणि ओघ आटल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दोन टप्प्यांत पुन्हा मूळ पदावर आणली. त्याहून ठेंगण्या, पण धट्ट्याकट्ट्या तरुणांसाठी तर वेगळ्या ‘बँटम’ पलटणी निघाल्या. त्याआधी दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धाच्या वेळी शहरी कामगारवस्त्यांतले तरुण भरतीच्या शारीरिक तपासणीत मोठ्या संख्येने नापास झाले, तेव्हा इंग्रजांनी १९०४ मध्ये चौकशी समितीचा अहवाल घेतला आणि १९०६ मध्ये शाळेत जेवण देण्याचा कायदा केला. म्हणजे इंग्रजांनी स्वतःच्या मुलांची खुरटलेली वाढ गरिबीच्या खाती मांडली, आमच्या मुलांची मात्र वंशाच्या.

सोलापूरकरांना तरी हा हिशेब कळायला हवा. माणसाची उंची बरीचशी बालपणीच्या अन्नावर आणि आजारपणावर ठरते. १९१४ ते १९१८ मध्ये भरतीच्या वयाचे असलेले आपल्या जिल्ह्यातील अनेक तरुण १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन भीषण दुष्काळांच्या आगेमागे जन्मलेले होते. करमाळा, सांगोला, माढा भागात ज्यांच्या आईबापांनी दुष्काळी कामांवर खडी फोडली, त्यांच्या छातीला फीत लावून जातीची लायकी ठरवणे हा न्याय नव्हता. भरतीमागे राजकारण, ओळखीपाळखी आणि स्थानिक सत्तेचे हितसंबंधही होते, हे मान्यच आहे. पण ‘किरकोळ अंगा’चे कारण पुढे करताना त्या अंगाला काय खायला मिळाले होते, हे सांगणे लेखकाचे काम होते.

शिध्याचा प्रभाव रणांगणावरही दिसला. डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ या काळात मेसोपोटेमियातील (आजच्या इराकमधील) कूतच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी अडकल्या होत्या. ताज्या भाजीपाल्याअभावी आणि घोड्याचे मांस बहुतेकांनी दीर्घकाळ नाकारल्यामुळे हिंदी जवानांना स्कर्व्हीने (क जीवनसत्त्वाच्या अभावाच्या रोगाने) गाठले, तर मैद्याचा पाव खाणाऱ्या गोऱ्यांना बेरीबेरीने (ब-१ जीवनसत्त्वाच्या अभावाच्या रोगाने). आट्यावर राहणारे हिंदी जवान या दुसऱ्या रोगापासून बरेचसे वाचले. दुसऱ्या महायुद्धात फौज २५ लाखांवर नेताना वजनाच्या अटी सैल कराव्या लागल्या आणि लष्करी जेवण सुरू झाल्यावर काही महिन्यांतच रंगरूट भरून आले. त्याच युद्धात मराठा लाइट इन्फंट्रीच्या यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांनी इटलीत व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला.

लेखमालेच्या पुढील भागात भरतीची मापे देणार असाल, तर त्यांच्याशेजारी त्या तरुणांची जन्मसाले आणि त्या सालांतील जिल्हावार दुष्काळाची नोंदही छापावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, सोलापूर