आईच्या हाताला तळ लागला पाहिजे

तीर्थरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर नव्या वॉशिंग मशीनचा विषय निघाला की बाबा "बघू पुढच्या महिन्यात" म्हणतात आणि आई "आमचं चाललंय की व्यवस्थित" म्हणून भाजीवर जाते. म्हणून पत्र लिहितेय. कागद हातात आला की बाबा चष्मा लावून दोनदा वाचतात, हे मला ठाऊक आहे.

भाऊबीजेच्या सकाळी मी चहा घेऊन ड्राय बाल्कनीकडे आले, तेव्हा आई डबल बेडची चादर धुण्याच्या टबातून उपसून ड्रायरमध्ये कोंबत होती. कोरडी असताना किलोभराची ती चादर पाणी प्यायली की तीन किलोंच्या घरात जाते. आई, एका हाताने तू कठडा धरला होतास. चादर आत गेल्यावर तू उजवा खांदा दाबत तशीच उभी राहिलीस. मी मागे होते हे तुला कळलं नाही. मी चहा घेऊन परत आत गेले, कारण तेव्हा काही बोलले असते तर रडले असते. आठवड्यातून तीनदा, एका वेळी दहा-बारा कपडे, इकडून तिकडे. अठरा वर्षं त्या सेमी-ऑटोमॅटिक मशीनने चांगली साथ दिली, पण आता ती तुझ्या खांद्यावर चालते आहे.

बंगळुरूला परतले ती ठरवूनच, की माझ्याकडे आहे तसंच फ्रंट लोड, म्हणजे पुढून दार असलेलं मशीन, तुमच्याकडे पाठवायचं. मला ते मनापासून आवडतं. त्यातला ड्रम आडवा असतो. कपडे त्याच्याबरोबर वर जातात आणि वरून खाली पाण्यात आपटतात, आपण दगडावर आपटायचो तसेच, फक्त हळुवार. म्हणून पाणी कमी लागतं, पावडर कमी लागते आणि साडीचे काठ पिळवटत नाहीत. टॉप लोडमध्ये, म्हणजे वरून झाकण असलेल्यात, टब उभा, तळाशी फिरणारी चकती, आणि सगळे कपडे बुडतील इतकं पाणी. तेवढ्याच कपड्यांना फ्रंट लोडच्या साधारण दुप्पट पाणी जातं. शिवाय फ्रंट लोड शेवटी मिनिटाला हजार ते चौदाशे फेऱ्यांनी पिळतं. नुसतं मशीन म्हणून बघितलं तर तेच सरस आहे, हे मी आजही म्हणेन.

पण ऑर्डर देण्याआधी मी डिसेंबरात दोन दिवस आले होते, आठवतं? बाबांची टेप घेऊन घरभर फिरत होते आणि तुम्ही विचारलंत तर "काही नाही" म्हणाले होते. त्या दोन दिवसांत माझं मत बदललं.

पहिली गोष्ट पाण्याच्या दाबाची. आपण तिसऱ्या, म्हणजे सगळ्यात वरच्या मजल्यावर. टाकी डोक्यावरच. लोकांना वाटतं टाकी जवळ म्हणजे पाणी जोरात, पण होतं उलटं. दाब येतो उंचीतून. दहा मीटर उंच पाण्याचा स्तंभ असला की साधारण एक बार दाब मिळतो, तो तळमजल्यावरच्या मंडळींना मिळतो. आपल्या बाल्कनीतल्या नळापासून टाकीच्या तळापर्यंत मी मोजलं ते जेमतेम अडीच मीटर भरलं. म्हणजे पाव बार. पुष्कळशा फ्रंट लोडना याहून जास्त दाब लागतो. तो मिळाला नाही की पाणी भरता भरताच वेळ जातो आणि मशीन चूक दाखवून थांबतं. वेगळा पंप बसवता येतो, पण आणखी एक आवाज करणारी, बिघडणारी वस्तू मला तुमच्या घरात नको आहे. टॉप लोडमध्ये कमी दाबावर चालणारी मशीन मिळतात. आणि एखाद्या गुरुवारी पाणी बंद असलं तर झाकण उघडून कामाच्या मावशी वरून दोन बादल्या ओतू शकतात. फ्रंट लोडला तशी सोयच नाही.

दुसरी गोष्ट वजन. फ्रंट लोड पिळताना उड्या मारू नये म्हणून आत काँक्रीटचे ठोकळे बसवलेले असतात, त्यामुळे ते साठ-सत्तर किलोंचं भरतं. आपल्याला लिफ्ट नाही आणि जिन्याचं दुसरं वळण किती अरुंद आहे हे कपाट चढवताना आपण पाहिलंच आहे. टॉप लोड याच्या निम्म्याच्या आसपास. शिवाय बाल्कनीतला सॉकेट सहा अँपिअरचा आहे. पाणी तापवणाऱ्या मशीनला सोळाचा, नीट अर्थिंग असलेला लागतो, म्हणजे आपल्या जुन्या वायरिंगमध्ये मुख्य बोर्डापासून नवी वायर ओढणं आलं.

आणि तिसरी, ज्यावर मी सगळ्यात जास्त विचार केला, ती तुमच्या अंगाची. फ्रंट लोडचं दार गुडघ्याच्या जरा वर. कपडे घालताना वाका, काढताना वाका. महिन्या-दोन महिन्यांनी खालच्या कोपऱ्यातली जाळी साफ करायची, त्यासाठी तर जमिनीवर बसावंच लागतं. आई, तू जमिनीवर बसलीस की उठताना बाबांना हाक मारतेस. बाबांची कंबर तर त्याहून वाईट. दाराभोवतीचं रबर प्रत्येक वेळी पुसून कोरडं करायचं, दार किलकिलं ठेवायचं, नाहीतर आत काळी बुरशी धरते आणि कपड्यांना कुबट वास येतो. हे मी करते, कारण मी पंचेचाळिशीची आहे. टॉप लोडमध्ये दोरे-धागे जमा होणारी पिशवी हाताच्या उंचीवर असते. आणि मशीन सुरू झाल्यावर बाबांचा एखादा बनियन दांडीवर राहिलेला दिसला, तर थांबवून वरून टाकता येतो.

म्हणून माझा निर्णय टॉप लोड, पूर्ण ऑटोमॅटिक. एकदा कपडे घातले की धुऊन, खळबळून, पिळूनच बाहेर. मधे ओलं काही उचलायचं नाही.

आता त्याचे तोटेही लिहिते, म्हणजे नंतर तुम्हाला फसल्यासारखं वाटायला नको.

आई, पहिल्याच दिवशी तू म्हणशील की कपडे ओले राहिले. बरोबरच असेल. आपल्या सेमीचा ड्रायर छोटा असला तरी मिनिटाला तेराशेच्या आसपास फेऱ्या घेतो. नव्या टॉप लोडचा टब मोठा, पण तो सातशेच्या आसपास फिरतो. मोठ्या टबामुळे पिळण्याचा जोर थोडा भरून निघतो, पूर्ण नाही. उन्हाळ्यात काही फरक पडणार नाही, पुण्याच्या उन्हात तासाभरात सगळं वाळतं. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र कपडे अर्धा दिवस जास्त लटकतील. त्यासाठी हॉलमध्ये वर-खाली होणारी कपड्यांची दांडी मी बसवून देईन, दोरी ओढली की खाली येते, स्टुलावर चढायचं नाही. आत्ताही तू स्टुलावर चढतेस हे मावशींनी मला सांगितलंय. त्यांच्यावर रागावू नकोस.

दुसरा तोटा पाण्याचा, आणि तो तुझ्या मनाला लागणार हे मला माहीत आहे. तू आठ वर्षांची होतीस तेव्हा, १२ जुलै १९६१ला, पानशेत धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासलाही. नारायण पेठेतल्या तुमच्या वाड्यात पाणी शिरलं आणि ओसरल्यावर ट्रंकेतल्या साड्यांच्या घडीघडीत चिखल होता. नदीला पूर येऊन गेला आणि नळाला पाणी नाही, म्हणून आजीने ते धुणं विहिरीच्या पाण्यावर कितीतरी दिवस पुरवून पुरवून काढलं. हे तू मला लहानपणापासून सांगत आलीस. तुझी खळबळीच्या पाण्याची बादली त्या दिवसांतून आली आहे, असं मला नेहमी वाटतं. ते पाणी बाथरूमला, जिन्याला वापरायचं हा नियम तू पुण्याची चारही धरणं भरून वाहत असतानाही मोडला नाहीस. तो मोडावा लागू नये अशीच व्यवस्था करायची आहे.

इथे दुकानात एक प्रश्न विचारायला विसरू नका, कारण तो विक्रेते आपणहून सांगत नाहीत. बाबा, हे तुम्ही विचारा: मशीनमधलं पाणी पंपाने बाहेर जातं, की उताराने? बऱ्याच टॉप लोडमध्ये नुसती झडप उघडते आणि पाणी उताराने वाहून जातं, त्यामुळे नळी जमिनीलगतच ठेवावी लागते. ती पिंपात सोडता येत नाही. पंप असला तर नळी वर घेता येते, आणि शेवटच्या खळबळीचं पाणी पिंपात साठवता येतं. बादली पुरणार नाही, एका भरणीचं पाणी दोन बादल्यांहून जास्त निघतं. पिंपाला खाली तोटी बसवून घेऊ, म्हणजे आईला तांब्याने उपसावंही लागणार नाही. पंपवालं मशीन थोडं महाग पडलं तरी तेच घ्यायचं. पैशांचं मला बोलू नका.

एप्रिल-मेमध्ये सोसायटी टँकर मागवते ते पाणी जड, क्षारांचं असतं. तेव्हा फेस कमी येतो म्हणून पावडर वाढवू नका, कपड्यांवर पांढरे डाग राहतात. त्या महिन्यांत पातळ साबण वापरायचा. आणि आई, कॉलरला वडी लावून ब्रशने घासणं तू सोडणार नाहीस, सोडूही नकोस. कुठलंही मशीन ते तुझ्याइतकं चांगलं करत नाही. फक्त पाटावर खाली बसून नाही, ओट्याशी उभी राहून कर.

आता राहिली एक अडचण, आणि तिचं उत्तर मला इथे बसून देता येत नाही. टॉप लोडचा टब खोल असतो. तू पाच फुटांना दोन बोटं कमी. शेवटचा रुमाल तळाशी चिकटून बसला की तुला टाचा उंचावून, कडेवर पोट टेकून तो काढावा लागेल, आणि मग कंबरेचं दुखणं नव्याने सुरू. म्हणून आकडे, वीजबचतीचे तारे, रंग काहीही बघण्याआधी एवढं करायचं: कर्वे रस्त्यावरच्या कुठल्याही मोठ्या दुकानात बाबांबरोबर जा. रिक्षाने जा, बसने नको. घरात घालतेस त्याच सपाता घालून जा. प्रत्येक मशीनचं झाकण उघड आणि दोन्ही पाय जमिनीवर पूर्ण टेकलेले असताना तळाला हात लागतो का ते बघ. लागला नाही की पुढचं मशीन. विक्रेता कितीही घाई करू दे. दोघांना सहा-साडेसहा किलोंचं पुरतं आणि लहान मशीनचा टब बहुधा कमी खोल असतो, तेव्हा आठ-नऊ किलोंच्या योजनेला भुलू नका. चादरी एका वेळी एकच टाकायची. मोजे-रुमाल जाळीच्या पिशवीत घालून टाकायचे, पिशवी एका हाताने वर येते.

गोधड्या आणि ब्लँकेटं मशीनमध्ये घालायची नाहीत. ती मी वर्षातून दोनदा येऊन बाहेर धुवायला देईन.

बाबा, बाल्कनीच्या दाराची रुंदी मी घेतली होती, चोवीस इंच, पण कडी धरून की सोडून ते लिहून ठेवायला विसरले. तेवढं मोजून कळवा. आणि ज्या मशीनच्या तळाला आईचा हात लागेल त्याच्या आतल्या पट्टीवरचा मॉडेलचा नंबर एका कागदावर उतरवून फोनवर वाचून दाखवा. मी त्याच दिवशी पैसे भरते आणि ज्या दिवशी ते वर चढवायला माणसं येतील त्या दिवशी घरी असेन. तोवर चादरी मावशींना काढू द्या. त्यांच्याशी मी बोलले आहे, जास्तीचे पैसेही ठरले आहेत.

जुन्या सेमीची नळी तुम्ही काढू नका, मी आल्यावर काढेन. खांद्याला रात्री शेक घे, आई.

तुमची,
मनू