जिराफाच्या मानेवरून

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तू निघालीस त्या सकाळी मी दारापर्यंत आलो नाही, यावरून तुझी आई मला चार दिवस बोलत होती आणि तिचे बरोबरच होते. आदल्या रात्री तू सांगितलेस की, मेंदूकडून स्वरयंत्राकडे जाणारा डावा मज्जातंतू आधी छातीत उतरतो, महाधमनीला वळसा घालतो आणि मग पुन्हा घशाकडे चढतो. जिराफात तर एवढ्याशा अंतरासाठी त्याला काही मीटरांची फेरी पडते. "बाबा, असा आराखडा काढणाऱ्याला तुम्ही कामावर ठेवले असते का?" असे तू विचारलेस. माझ्याजवळ उत्तर नव्हते, म्हणून मी आवाज चढवला.

मला देवाच्या अब्रूची काळजी नाही, त्याची तो बघून घेईल. उद्या पशुवैद्य म्हणून काम करताना रात्रीबेरात्री एखादे जनावर तुझ्या हातात दगावेल, तेव्हा तू कोणाकडे पाहशील, एवढेच मला सतावते.

तू सहा वर्षांची असताना आपल्याला एक पीस सापडले होते. मी त्याचा पाता मुद्दाम मधोमध उसवला आणि दोन बोटांत धरून वर ओढला, तशी फट मिटली. याला शिवण कोणी घातली, असे तू विचारलेस आणि मी देवाचे नाव सांगितले. तेवढ्यावर तुझे समाधान झाले नाही. शाळेतल्या सूक्ष्मदर्शकाखाली ते बारीक आकडे एकमेकांत अडकलेले दिसले, तेव्हाच तू गप्प झालीस. मला वाटले, तुला देव दिसला. तुला बहुधा आकडेच दिसले असावेत.

श्रद्धा ही काठी आहे, ती गरज पडण्याआधीच हाताशी असावी... पाहा, मी पुन्हा प्रवचनाला बसलो. क्षमा कर.

तू गेल्यावर मी थोडे वाचले. घड्याळ आहे म्हणजे घड्याळजी असलाच पाहिजे, तसाच सृष्टीलाही कर्ता असलाच पाहिजे, हा इंग्रज धर्मोपदेशक विल्यम पेली यांचा १८०२ मधला युक्तिवाद तरुण डार्विन यांना फार आवडला होता. १८५९ मध्ये उत्क्रांतीचा सिद्धांत मांडून त्या युक्तिवादाला उत्तर दिले तेही डार्विन यांनीच. हे वाचून मला तुझी आठवण झाली आणि थोडा अभिमानही वाटला. तरीही जिराफ पाणी प्यायला मान खाली घालतो तेव्हा मानेच्या शिरांतील झडपा रक्त डोक्याकडे उलटे फिरू देत नाहीत आणि मेंदूच्या तळाशी सूक्ष्म रोहिण्यांचे एक जाळे असते, ज्याला शरीरशास्त्रज्ञांनीच 'अद्भुत जाळे' असे नाव दिले आहे, हे वाचताना माझे हात आपोआप जोडले गेले. तू म्हणशील, मज्जातंतूचा वळसा आणि हे जाळे दोन्ही पूर्वजांकडूनच आले. असेल. पण रात्री तू एकटी असतेस, त्याचे काय?

सुट्टीत येशील तेव्हा तो मज्जातंतू कुठे वळतो ते मला कागदावर काढून दाखव. पुस्तकातल्या आकृतीत डावे-उजवे उलटे असल्यामुळे माझा दोनदा गोंधळ झाला.

तुझे,
बाबा